बांधाचा पिक्चर

भिसेगावात मी ज्यांच्या माडीवर पाच वर्षं भाड्याने राहिलो, त्या गृहस्थांनी भाडेकरारात दोनच जादा अटी घातल्या होत्या. गच्चीवर सुकट वाळत घालायची नाही, आणि दर रविवारी दुपारी दोन वाजता खाली येऊन त्यांच्याबरोबर पिक्चर बघायचा. करार टाईप करणारा माणूस दुसऱ्या अटीपाशी थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, म्हातारा हौशी दिसतोय, फुकटात पिक्चर आणि वर काकूंच्या हातचा चहा, आणखी काय पाहिजे? कुठला पिक्चर, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी सही करून मोकळा झालो.

गावात त्यांना सगळे ऑपरेटर म्हणत. भिवपुरीच्या वीजघरात त्यांनी तेहतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली होती. काम काय, तर मीटरच्या काट्यांसमोर बसायचं आणि दर तासाला रीडिंग लिहायचं. काटा जागेवर आहे, लिही. काटा जागेवर आहे, लिही. मी एकदा विचारलं, काका, कंटाळा नाही का यायचा? ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मला वाटलं आपण आईवरून काहीतरी बोललो. मग म्हणाले की तेहतीस वर्षं रात्रंदिवस तिथे काहीही झालं नाही, आणि ते आपोआप झालं असं तुला वाटतंय का?

माझा धंदा नेमका उलटा. कर्जत बाजारात माझं फोटो-व्हिडिओचं दुकान. लग्न, हळद, साखरपुडा, बारसं, आणि आता ते लग्नाआधीचं शूटिंग, ज्यात नवरा-नवरी कुठल्यातरी फार्महाऊसवर पळत असतात आणि वरून माझा ड्रोन त्यांच्या मागे पळत असतो. दोन दिवसांचं लग्न मी तीन मिनिटांत बसवतो. कोणतंही दृश्य दोन सेकंदांच्या वर ठेवलं, की गिऱ्हाईक बोटाने पुढे सरकवतं. मी जेवतोही उभ्याने. अशा माणसाला देवाने त्या घरात पाठवलं, म्हणजे देवालाही थोडी मजा हवी असणार.

काकांकडे पिक्चर आले कुठून, ते सांगतो. माझ्या आधी माडीवर एक भाडेकरू होता. इथल्या शूटिंगच्या सेटवर कामाला यायचा, दाढीवाला, दिवसभर झोपणारा. तो एका सकाळी मुंबईला गेला तो गेलाच. मागे एक गादी, एक गिटार आणि एक हार्ड डिस्क ठेवून गेला. गादी काकूंनी उन्हात टाकली, गिटार भाच्याला दिली, आणि हार्ड डिस्क काकांनी टीव्हीला लावली. आत दोनशेच्या वर पिक्चर, सगळे परदेशी, बहुतेक गुन्ह्याचे, आणि सगळे असे, की गुन्हेगारसुद्धा जागा राहणार नाही. दुसरा कोणी असता तर पाच मिनिटांत सगळं पुसून त्यावर भजनं भरली असती. काकांनी पहिलाच पिक्चर लावला आणि, काकू सांगतात, ते हळूहळू खुर्चीत पुढे सरकले. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा कामावर असल्यासारखा दिसला.

माझ्या पहिल्या रविवारी जो होता, त्यात म्हणे खून होता. एक माणूस मोरीपाशी उभा राहून सुरी धुतो. धुतो म्हणजे धुतच राहतो. मग पुसतो. मग खिडकीतून बाहेर बघतो. बाहेर एक भिंत. ती भिंत आम्हीही बघितली. मी मोबाईल काढला तर काकांनी न बघता हात पुढे केला, आणि मी तो शाळेतल्यासारखा त्यांच्या हातावर ठेवला. अर्ध्या तासाने मी विचारलं, खून कधी होणार? ते म्हणाले, झाला. कधी? तो सुरी धूत होता ना, त्याच्या आधी. मग आपल्याला दाखवला का नाही, असं मी जरा तापूनच विचारलं. काका शांतपणे म्हणाले की लाईन ट्रिप होऊन वीज जायला सेकंद लागतो, त्यात बघण्यासारखं काय असतं? बघायचं ते त्याच्या आधी नाहीतर नंतर. खून करून झाला तरी माणसाला घरी जाऊन कडी लावावी लागते, दूध तापवावं लागतं, उद्या सकाळी उठावं लागतं. ते कसं करतो ते बघ.

मी बघितलं. त्याने दूध तापवलं. दूध उतू गेलं नाही.

काकू या पिक्चरांना येता-जाता हजर असत. दाराशी उभ्या राहून तांदूळ निवडत बघायच्या आणि दहाव्या मिनिटाला निकाल देऊन टाकायच्या. खुनी तो टकल्या हाय. नाहीतर, ती बाई हाय, तिची नजर बघा. दोन तासांनी पिक्चर एका बंद दारावर नाहीतर रिकाम्या रस्त्यावर संपायचा, आणि खुनी कोण हे शेवटपर्यंत कोणी सांगायचंच नाही. मी कपाळाला हात लावायचो. काकू मात्र खूश असायच्या, कारण त्या कधीच चुकायच्या नाहीत.

एकदा तर कमाल झाली. पडद्यावर एक पोलीस अधिकारी टेबलाशी बसलेला, वर छताला पंखा. तो बसलाय, आम्ही बसलोय. मी मनात शिव्या घालत होतो, पण आता मलाही एक प्रकारची जिद्द आली होती, की बघू हा पहिला हलतो का मी. पंचवीस मिनिटं झाली असतील. काका मधूनच हळू आवाजात म्हणाले, ह्याच्या मनात काय चाललंय बघ. काकू चहा घेऊन आल्या, टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "अहो, त्याचा पंखा का फिरत नाय?" पिक्चर हँग झाला होता. मी इतका हसलो की चहा लेंग्यावर सांडला. काकांनी उठून बंद करून चालू केलं, परत बसले, आणि थोड्या वेळाने म्हणाले की तरी तेवढा भाग चांगला होता.

असा माणूस गुन्ह्याला साक्षीदार मिळाला तर पोलिसांचं काय होतं, तेही मी बघितलंय. शेजारच्या घराच्या ओट्यावरून मोबाईल चोरीला गेला. काका त्या वेळी समोर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. हवालदार वही घेऊन आले. काकांनी सांगायला घेतलं, आणि हवालदारांनी भाबडेपणाने लिहायला घेतलं. दूधवाला आला, त्याच्या डाव्या कॅनचं झाकण सैल होतं. वायरवर एक कावळा बसला, उडाला, परत तिथेच बसला. समोरच्या बाईंनी उंबऱ्यावर पाणी टाकलं, ते पायरीपर्यंत आलं आणि थांबलं. तीन पानं भरली. हवालदारांनी पेन झटकलं, घाम पुसला आणि विचारलं, म्हणजे विशेष असं काही घडलं नाही? काका म्हणाले, "नाय. मधे तो निळ्या शर्टवाला मोबाईल उचलून गेला, तेवढं सोडलं तर काय नाय." हवालदारांनी चौथं पान उलटलं आणि एकच ओळ लिहिली.

माझ्या कामावर तर त्यांचा विशेष राग. एकदा मी आमच्याच आळीतल्या लग्नाचं हायलाइट मोठ्या कौतुकाने दाखवलं. त्यात मी जीव ओतला होता. आकाशातून मांडव, संगीत, अक्षतांचा पाऊस संथ गतीने. काकांनी बघितलं आणि विचारलं, पाठवणीला नवरी रडली ती यात किती वेळ आहे? मी म्हटलं, दोन सेकंद. ते म्हणाले, मी होतो तिथं. वीस मिनिटं रडत होती. बापाचा सदरा खांद्यापासून खिशापर्यंत भिजला होता. बाकीची रडली ती कुठं टाकलीस? मी म्हटलं, काका, लोकांना वेळ नसतो. त्या दिवसापासून मला ते "कापाकापीवाला" म्हणायला लागले. दारावर कोणी मला शोधत आलं की जिन्यातून हाक यायची, "कापाकापीवाल्या, माणूस आलाय."

आता मुख्य गोष्ट. हसण्यावारी नेण्यासारखी ती नव्हती.

काकांचं गाव खालापूरकडे. तिथे त्यांचं भाताचं एक शेत, आणि त्याला लागून धाकट्या भावाचं. वाटणीत मध्ये बांध पडलेला. काका नोकरीला, म्हणून त्यांचं शेत एका गावकऱ्याला कसायला दिलेलं. भाऊ मात्र पक्का शेतकरी. पूर्वी दर आठवड्याला तो बाजाराला कर्जतला आला की या घरी यायचा, म्हणे. भाजीची जुडी ओट्यावर टाकायचा, जेवायचा, दादाच्या खाटेवर अर्धा तास पडायचा आणि जायचा. चार वर्षांपूर्वी तो यायचा बंद झाला. भांडण नाही, तंटा नाही. नुसता यायचा थांबला. बाजारात समोरून दिसला तर रस्ता बदलायचा.

आणि त्याच चार वर्षांत बांध सरकत होता. आमच्याकडे हा जुनाच गुन्हा. लावणीच्या आधी माती मऊ झाली की जो तो आपल्या बाजूने बांध ताशून साफ करतो. आपल्या बाजूने वीतभर जास्त ताशायचा, आणि ती माती पलीकडच्या अंगाला थापायची. एका वर्षात कोणाच्या लक्षात येत नाही. दहा वर्षांत एक वाफा इकडचा तिकडे होतो. काकांच्या लक्षात मात्र पहिल्याच वर्षी आलं होतं. ज्याने तेहतीस वर्षं काट्याचा केसभर फरक टिपला, त्याला वीतभर बांध दिसणार नाही होय? दरवर्षी ते जायचे, त्यांच्या शेतातल्या ऐनाच्या झाडापासून पावलं मोजायचे, एका वहीत लिहायचे आणि घरी यायचे. बोलायचे नाहीत.

काकू बोलायच्या. काकूंचं म्हणणं सरळ होतं, की सरकारी मोजणी आणा आणि त्याला उघडा पाडा. त्यांचा पुण्याचा मुलगाही फोनवर तेच सांगायचा. काका म्हणायचे, बघू. या "बघू"वर काकूंनी चार पावसाळे काढले, आणि पाचव्याला त्यांनी मोजणीचा अर्ज स्वतः भरून आणला, देवाच्या तसबिरीमागे खोचला आणि जाहीर केलं की या जूनमध्ये तुम्ही काही केलं नाहीत तर महिना संपायच्या आत हा अर्ज जाणार. त्या संध्याकाळी काका माडीवर आले. ते कधी वर येत नसत. माझ्या खाटेच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मोजणी आली की बांध सापडंल रं. पण मग तो या घरात परत पाय ठेवायचा नाय. कधीच नाय." मग त्यांनी विचारलं की माझा कॅमेरा एका जागी उभा करून सलग किती वेळ चालतो.

तर असा मी त्यांच्या आयुष्यातल्या एकमेव पिक्चरचा कॅमेरामन झालो. ठरलं असं, की भाऊ बांध ताशतो त्या दिवशी ऐनाच्या झाडाखाली कॅमेरा लावायचा. एकच फ्रेम. हलवायचा नाही, जवळ न्यायचा नाही, कापायचा तर अजिबात नाही. पहिली पाळी, सात ते तीन. मी म्हटलं, काका, तो बांध ताशायला लागला की दहा मिनिटं घेऊ, पुरावा झाला. ते म्हणाले की पुराव्यासाठी नाही. मग कशासाठी, ते सांगितलं नाही.

पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. माती मऊ, आभाळ अर्धंमुर्धं, म्हणजे बांधाच्या कामाला अगदी हवा तसा दिवस. आम्ही अंधार असतानाच माझ्या गाडीवरून निघालो, स्टँड माझ्या पाठीला, पॉवर बँक त्यांच्या पिशवीत. सात वाजता कॅमेरा चालू केला आणि झाडामागे प्लास्टिक टाकून बसलो. समोर बांध. आठ वाजले. बांध. नऊ वाजले. एक बगळा आला, चार पावलं चालला, थांबला. काकांनी माझा दंड धरून तो दाखवला. दहा वाजले. एक म्हैस येऊन गेली. आजूबाजूच्या एकाही शेतात माणूस नाही, औत नाही, हाक नाही. मला जरा चमत्कारिक वाटायला लागलं. अकराच्या सुमाराला एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती. तिने आम्हाला बघितलं, काकांना ओळखलं आणि विचारलं, "आज पाळणूक हाय नं? तुमी हिते काय करतावं?"

पाळणूक. गावदेवीसाठी गावाने ठेवलेला दिवस. त्या दिवशी कोणी जमिनीला लोखंड लावत नाही. बांध ताशणं सोडाच, खुरपंसुद्धा घराबाहेर निघत नाही. जन्म त्या गावातला, पण तेहतीस वर्षं क्वार्टरमध्ये राहून माणसाला पाळीचं वेळापत्रक पाठ झालं आणि पाळणूक विसरली. मी तिथेच उभा राहून जे बोलायचं ते बोललो. दोन हळदींची ऑर्डर सोडून मी आलो होतो. काका खाली मान घालून ऐकून घेत होते. माझं संपल्यावर मी कॅमेऱ्याकडे निघालो, तर म्हणाले, "राहू दे चालू. तीनला बंद कर."

मी म्हटलं, काका, इथे आज कोणी येणार नाही. ते म्हणाले, माहीत आहे. आणि आम्ही तीन वाजेपर्यंत बसलो. एक म्हैस येऊन गेली. एक प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने बांधावर चढली आणि पलीकडे उतरली. तीनला मी कॅमेऱ्यासमोर हात घालून तो बंद केला आणि गाडीला किक मारली.

घरी काकूंना वाटलं, आता पुरावा हातात आला. काकांनी त्यांना तसं वाटू दिलं आणि मलाही गप्प राहायला सांगितलं. मग त्यांनी भावाला फोन लावला. चार वर्षांनी. बोलले एवढंच, की आपल्या बांधाचा पिक्चर काढलाय, आठ तासांचा आहे, रविवारी सकाळी नऊला बघायला ये. पलीकडून नुसता कोंबड्यांचा आवाज आला. मग, येतो.

शनिवारची रात्र मी तळमळत काढली. उद्या त्या माणसाला अर्ध्या तासात कळणार की यात काही नाही. तो हसणार, उठणार, गावात सांगत सुटणार की दादाने पाळणुकीच्या दिवशी रिकाम्या बांधाचा पिक्चर काढला. आणि सोमवारी काकू अर्ज देणार.

भाऊ नऊच्या आधीच आला. काकांसारखाच चेहरा, पण उन्हाने भाजलेला, हात राकट. धुतलेला सदरा, आणि हातात काही नाही. दारात उभा राहून चपला काढायला त्याला फार वेळ लागला. काकूंनी पाणी दिलं, चहा दिला आणि मला ऐकू येईल अशा बेताने सांगितलं की रीत म्हणून चहा, जेवायचं काही विचारणार नाही. काकांनी आपल्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची मांडली होती. भाऊ तिथे टेकला. मी आवाज बंद करून सुरू केलं, कारण त्यात म्हातारीचं आणि माझं सगळं बोलणं होतं.

बांध.

पहिला अर्धा तास मी भावाकडेच बघत होतो, हा कधी हसतो म्हणून. तो हसला नाही. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, हात गुडघ्यांमध्ये दाबून, आणि डोळे टीव्हीवर असे लावलेले की पापणीसुद्धा लवत नव्हती. मग मला कळलं. त्याला वाटत होतं की आता तो स्वतः येणार. आता डाव्या बाजूने फावडं घेऊन तो येणार आणि सगळ्यांसमोर बांध ताशणार. तो स्वतःचीच वाट बघत होता.

मी धंद्यात बारा वर्षं काढली. ड्रोन उडवले, धूर सोडला, नवरीच्या एंट्रीला फटाके लावले. माझ्या एकाही व्हिडिओला असा प्रेक्षक मिळाला नाही. बगळा आला तेव्हा त्याने श्वास रोखला. फ्रेमच्या कडेला कसलीतरी सावली हलली, त्याची कानशिलं लाल झाली. म्हैस होती. म्हैस निघून गेल्यावर त्याने सदऱ्याने मान पुसली. मधूनच तो काकांकडे चोरून बघायचा. काका टीव्हीकडे बघत होते, रोजच्यासारखे, शांत. चौथ्या तासाच्या शेवटी म्हातारी आणि शेळ्या चौकटीच्या पार मागून गेल्या तेव्हा मीही खुर्चीत पुढे सरकलो होतो. मला माहीत होतं पुढे काही नाही, तरी सरकलो होतो.

काकू दोनदा येऊन, काय झालं काय, म्हणून विचारून गेल्या. काही नाही, असं काकांनी सांगितलं. तिसऱ्यांदा त्या दारातच थांबल्या.

जेवायची वेळ टळून गेली, कोणी उठलं नाही. सहाव्या तासात ऊन कलायला लागलं. बांधाची सावली एका अंगाला पडली, आणि मी इतका वेळ जे बघूनही बघितलं नव्हतं ते दिसायला लागलं. बांध दोन्ही टोकांना सरळ होता. एका टोकाला बाभळीचं झाड, दुसऱ्याला हद्दीचा दगड, तिथे कोणी हात लावू शकत नाही. पण मध्ये तो काकांच्या शेतात फुगला होता, माणसाला पोट सुटावं तसा. कोणी बोट दाखवलं नाही. सहा तास त्याच्याकडे बघितल्यावर ते न दिसणं शक्यच नव्हतं. त्या खोलीत आम्हा चौघांना तो दिसत होता.

भाऊ उठून उभा राहिला. टीव्हीकडे पाठ करून काकांसमोर. हात जोडायला गेला आणि ते अर्ध्यातच राहिले.

"दादा, मीच कोरलाय. चार वर्सं. दर साल वीत-वीत." त्याने मागे टीव्हीकडे हात केला. "तुला नोकरी, तुला पेन्शन. तू बघायला येत नायस असं वाटलं. पहिल्या वर्सी कोरला आणि मग तुझ्यासमोर यायची लाज वाटाया लागली. लाज वाटली म्हणून आलो नाय, आणि आलो नाय म्हणून परत कोरला. ह्या साली मागं घेतो. तुझ्या पायाची आण."

काकूंनी दाराची चौकट धरली होती. मी पिक्चर थांबवायला रिमोट उचलला. काका मान वाकडी करून भावाच्या बाजूने टीव्हीकडे बघत होते.

"खाली बस," ते म्हणाले. "दिसत नाय मला. अजून दोन तास हाय पिक्चर."

भाऊ बसला. काय करणार? काकू आत गेल्या. थोड्या वेळाने परातीत पीठ मळल्याचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा. देवापाशी काहीतरी खुडबुडलं, आणि नंतर मी बघितलं तर तसबिरीमागचा अर्ज तिथे नव्हता. आम्ही बघत राहिलो. भाऊ आता खुर्चीत मागे टेकून बसला होता, पाय पसरून. पिशवी बांधावर चढून पलीकडे उतरली तेव्हा तो आणि काका दोघे एकदम हसले. का हसले ते मला सांगता येणार नाही, पण मलाही हसू आलं.

पाच वाजता पडद्यावर माझा हात आला आणि पिक्चर संपला. मग भावाच्या काहीतरी लक्षात आलं. तो टीव्हीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग दादाकडे.

"पण दादा, यात मी कुटं हाय?"

"नायस," काका म्हणाले. "त्या दिवशी पाळणूक होती. मी विसरलो."

"मग मला कशाला बोलावलंस?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत लावला. मी त्यांना इतका वेळ घेऊन एखादं वाक्य बोलताना कधी बघितलं नव्हतं.

"चार वर्सं झाली रं तुला बघून," ते म्हणाले. "म्हटलं, आठ तास तरी माझ्याजवळ बसशील."

भावाने तळहाताने डोळे पुसले, खुर्ची आणखी थोडी काकांच्या खुर्चीकडे ओढली, आणि मान न वळवताच मला म्हणाला, "परत लाव रं."

मी लावला.